‘आमच्याकडे असं नाही खेळत!’

सुटीत पत्त्यांचा डाव ऐन रंगात येतो आणि अचानक भांडण पेटते. बहुतेक वेळा लबाडी कुणीच केलेली नसते. दोन घरचे दोन सारखे दिसणारे डाव एकाच सतरंजीवर आलेले असतात, एवढेच. ते वेगळे कसे ओळखायचे?

मे महिन्याची दुपार. जेवणे उरकलेली, आमरसाची पातेली घासून पालथी घातलेली, मोठी माणसे पंख्याखाली आडवी झालेली. अशा वेळी आजोळच्या माजघरात सतरंजी पसरली जाते आणि चार भावंडे पत्ते खेळायला बसतात. तिघे पुण्या-साताऱ्याकडचे, चौथा इंदूरहून आलेला मावसभाऊ.

‘मेंढीकोट येतो ना रे तुला?’

‘येतो की! आम्ही त्याला दहला पकड म्हणतो.’

झाले! भांडणाचे बी तिथेच पडते. पत्ते पिसून होतात, वाटून होतात. पहिला हात पुण्याची ताई जिंकते. चार पाने गोळा करून ती आपल्यापुढे ठेवू लागते; त्यांत एक दश्शीही असते. इंदूरकर तिचा हात धरतो. ‘थांब, उचलतेस काय? लागोपाठ दोन हात झाले कुठे तुझे?’ ताईला काही उमगत नाही. पुढच्या हाताला त्याचा भिडू त्याच्या राजावर एक्का टाकतो, तर हा चिडतो, ‘माझा हात होत होता, तू मधे का आलास?’ भिडू म्हणतो, ‘अरे, आपलाच तर हात झाला!’ पाचव्या मिनिटाला ‘रडी’, ‘लबाड’, ‘चिडका बिब्बा’ सगळे होऊन जाते. पाने उधळली जातात. पाहुणा पोरगा डोळे पुसत ओट्यावर जाऊन बसतो आणि झोपमोड झालेली आजी निकाल देते, ‘गुंडाळा ते पत्ते आधी!’

आता गंमत पाहा. या भांडणात चुकले कोण? कुणीच नाही. ताई मेंढीकोट खेळत होती, मावसभाऊ दहला पकड. दोघेही आपापल्या डावाच्या नियमाने अगदी बरोबर होते. पण ‘तो फसवतो’ हा शिक्का मात्र एका मुलावर बसला आणि तो कदाचित सुटी संपेपर्यंत पुसला जाणार नाही.

मुलांच्या पत्त्यांच्या खेळांना पुस्तक नसते. ते आजीकडून आईकडे, थोरल्या भावाकडून धाकट्याकडे, वाड्यातून वाड्यात असे तोंडी चालत आलेले असतात. वाटेत एखादा नियम गळतो, एखादा चिकटतो. नाव तेच राहते आणि डाव बदलतो. किंवा डाव तोच राहतो आणि नाव बदलते. म्हणूनच नावावर न जाता डावाची हाडे ओळखायला शिकले पाहिजे. ते अवघड नाही. नेहमीच्या खेळांतल्या काही जोड्या घेऊन पाहू.

दश्शी कोणाच्या घरात?

पहिली जोडी अर्थातच मेंढीकोट आणि दहला पकड यांची. वरवर पाहता दोन्ही एकच. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन दोन भिडू, पूर्ण बावन्न पाने, प्रत्येकाला तेरा. ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचे पान असेल तर तेच टाकायचे, नसेल तर हुकमाने मारायचे. दोन्हींत जीव अडकलेला असतो तो चार दश्श्यांत. दश्शी म्हणजेच मराठी घरातली ‘मेंढी’ आणि हिंदी मुलखातला ‘दहला’.

मेंढीकोटात ज्याने हात जिंकला त्याने ती चार पाने लगेच उचलायची. त्यात मेंढी असली तर ती त्याची झाली, विषय संपला. तीन किंवा चार मेंढ्या ज्या जोडीकडे त्यांची जीत. दोन-दोन अशी बरोबरी झाली तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. हात तेराच असल्यामुळे तिथे बरोबरी होऊच शकत नाही. चारही मेंढ्या एकाच जोडीने घेतल्या की झाला ‘मेंढीकोट’, आणि तेराच्या तेरा हात घेतले तर मग विचारायलाच नको!

दहला पकडमध्ये हात जिंकला तरी पाने मध्येच पडून राहतात. एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हात जिंकले तरच त्याला मधला सगळा ढीग उचलता येतो. म्हणजे दश्शी टाकली गेली, हातही झाला, तरी ती कोणाची हे ठरलेले नसते. ढिगात दोन-दोन दश्श्या साचतात आणि सगळ्यांचे डोळे त्या ढिगाकडे लागतात.

या एका नियमाने सारा खेळ पालटतो. मेंढीकोटात भिडूने आपल्या राजावर एक्का टाकला तर एक एक्का वाया गेला म्हणून फार तर हळहळायचे. हात घरातच राहतो. दहला पकडमध्ये तसे केले तर भिडूची ‘लागोपाठ’ची साखळीच तुटते. म्हणूनच तो इंदूरचा मुलगा चिडला होता. तो रडका नव्हता; त्याच्या डावात ती खरोखरच मोठी चूक होती.

यांचाच तिसरा भाऊ म्हणजे कोटपीस. उत्तर भारतात तो फार खेळला जातो आणि सीमेपलीकडे पाकिस्तानात ‘रंग’ या नावाने ओळखला जातो. त्यात दश्शीला काडीचीही किंमत नसते, मोजायचे फक्त हात. तेरांपैकी सात ज्यांचे, ते जिंकले. पण सावधान! काही ठिकाणी कोटपीसही ‘डबल सर’ पद्धतीने, म्हणजे लागोपाठ दोन हातांनंतरच ढीग उचलून, खेळतात. तेव्हा ढीग दिसला की दहला पकडच, असेही समजू नये. ‘शेवटी काय मोजायचे, दश्श्या की हात?’ हा प्रश्न विचारला की भावंडे वेगळी ओळखू येतात.

मेंढीकोटाच्या पोटातही दोन प्रकार आहेत आणि एकाच गावातल्या दोन घरांत ते वेगळे असू शकतात. एक ‘कट हुकूम’. यात आधी हुकूम नसतोच. उतारीच्या रंगाचे पान ज्याच्याकडे पहिल्यांदा संपते, तो जे दुसरे पान टाकतो त्याचा रंग हुकूम ठरतो. दुसरा ‘बंद हुकूम’. यात एक खेळाडू आपल्यातले एक पान पालथे ठेवतो. कुणाकडे रंग नसला की तो ‘हुकूम उघडा’ म्हणतो आणि मग ते पान सगळ्यांना दिसते. पहिल्या प्रकारात हुकूम नशिबाने आणि चतुराईने घडतो, दुसऱ्यात तो एकाच्या मनात आधीपासून असतो. हे न ठरवता पाने वाटली तर पहिल्याच कापाकापीला आवाज चढणार हे नक्की.

नावातच हिशेब

घरात चार भिडू जमले नाहीत तर मेंढीकोट होत नाही. तिघे असले की ‘पाच-तीन-दोन’ आणि दोघेच असले की ‘सात-आठ’. हे दोन्ही डाव इतके जवळचे, की लहान मुले एकाचे नियम सर्रास दुसऱ्यात घालतात. पण ओळखायची किल्ली त्यांच्या नावातच आहे. नावातले आकडे म्हणजे प्रत्येकाने करायचे हात.

पाच आणि तीन आणि दोन मिळून होतात दहा. तिघांना दहा दहा पाने, म्हणजे एकूण तीस. सात आणि आठ मिळून पंधरा. दोघांना पंधरा पंधरा, म्हणजे पुन्हा तीसच. त्यामुळे दोन्ही डावांना कॅट एकच लागतो. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची सगळी पाने घेतली की अठ्ठावीस होतात. तीस भरायला दोन सत्त्या घालायच्या, बहुधा बदाम आणि इस्पिकच्या. कुठल्या सत्त्या हे सांगायला विसरलात, तर शेवटच्या हाताला हमखास घोटाळा.

पाच-तीन-दोनमध्ये पाच पाने वाटून झाली की एकाने हुकूम बोलायचा. हुकूम बोलणाऱ्याच्या माथी पाच हात येतात, पिसणाऱ्याला दोनच करायचे असतात आणि उरलेल्याला तीन. पिसणी फिरत जाते, त्यामुळे जबाबदारीही फिरते. आज दोनवर आरामात बसलेला उद्या पाचाच्या कात्रीत सापडतो. सात-आठमध्ये पिसणाऱ्याला सात आणि हुकूम बोलणाऱ्याला आठ. शिवाय दोघांतल्या या डावात सगळी पाने हातात नसतात. काही हातात, काही समोर पालथी आणि त्यांच्यावर काही उघडी मांडलेली. वरचे उघडे पान खेळले गेले की खालचे उलगडते. समोरच्याची काही पाने दिसत असतात, काही त्याची त्यालाही ठाऊक नसतात. हीच या डावाची गोडी.

दोघांना जोडणारी आणि भांडणे लावणारी गोष्ट एक आहे. ती म्हणजे पाने ओढणे. ज्याचे हात ठरल्यापेक्षा जास्त झाले, तो पुढच्या डावात कमी पडलेल्याच्या हातातून न बघता तितकी पाने ओढतो आणि बदल्यात आपली नकोशी पाने देतो. ओढलेले पान हुकमाचा एक्का निघाला की एकाची दिवाळी आणि दुसऱ्याचे तोंड एवढेसे! मात्र परत देताना कोणतेही पान चालेल, की ओढलेल्या रंगाचेच द्यायचे, हे आधी बोलून घ्यायला हवे.

मोठे पान गळ्यात धोंडा

आतापर्यंतचे डाव हात जिंकण्याचे. आता उलट्या काळजाचे डाव पाहू, जिथे पाने घालवायची असतात. यांत कुणी ‘पहिला’ येण्यापेक्षा कुणी शेवटी अडकतो यालाच महत्त्व.

झब्बू हा त्यांतला सर्वांचा लाडका. मेंढीकोट शिकलेली मुले झब्बूला बसली की हमखास फसतात, कारण दोन्हींत उतारीच्या रंगाला रंग द्यायचा असतो आणि मोठ्या पानाला मान असतो. फरक इतकाच, की इथे तो मान नकोसा! सगळी पाने वाटून झाली की इस्पिकच्या एक्क्यापासून सुरुवात होते. सगळ्यांनी रंगाला रंग दिला तर ती पाने खेळातून बाद होतात आणि सर्वांत मोठे पान टाकणाऱ्याची पुढची उतारी. पण एखाद्याकडे तो रंगच नसेल, तर तो दुसऱ्या रंगाचे पान देतो. हाच झब्बू! तो बसतो उतारीच्या रंगाचे सर्वांत मोठे पान टाकणाऱ्याला. पडलेली सगळी पाने त्याला उचलून हातात घ्यावी लागतात. इथे हुकूम नसतो. शेवटी ज्याच्या हातात पाने उरतील तो हरला.

म्हणून यातली अक्कलही वेगळी. सुरुवातीला सगळ्यांकडे सगळे रंग असतात, तेव्हाच राजा-राणी-एक्के काढून टाकावेत. उशीर केला की तेच गळ्यात धोंड होऊन बसतात. हाच डाव पंजाबात ‘भाभी’ म्हणून खेळतात आणि हरणाऱ्यालाच भाभी म्हणतात. तेव्हा चंडीगडहून बदली होऊन आलेल्या शेजाऱ्यांची मुले ‘भाभी खेळूया’ म्हणाली तर दचकू नका. पाने वाटा, दुसऱ्या हातापर्यंत आपला झब्बू ओळखीचे हसेल.

गुलामचोरातही शेवटी एकजण अडकतो, पण तिथे ना उतारी, ना रंग. हातातल्या जोड्या लावून खाली टाकायच्या आणि शेजाऱ्याच्या हातातले एक पान न बघता ओढायचे. जोडी जमली की ती टाकायची. सर्वांच्या जोड्या संपतात आणि एक गुलाम एकाच्या हाती राहतो. तोच चोर. इंग्रजी मुले हाच खेळ एक राणी काढून ‘ओल्ड मेड’ नावाने खेळतात, जर्मन मुले ‘श्वार्त्सर पेटर’ म्हणून आणि जपानी मुले जोकर घालून ‘बाबानुकी’ म्हणून.

आपल्या घरांतही गुलामचोर दोन तऱ्हांनी मांडला जातो. काही घरांत तीन गुलाम बाजूला काढून एकच ठेवतात. काही घरांत एकच गुलाम काढतात आणि तीन ठेवतात. ‘त्यात काय मोठेसे, उरतो तर एकच!’ असे वाटेल. पण खेळून पाहा. एकच गुलाम असेल तर ज्याच्याकडे तो आला त्याला पहिल्या क्षणापासून आपण चोर असल्याचे ठाऊक असते. चेहरा कोरा ठेवायचा आणि ते पान हळूच शेजाऱ्याच्या बोटांपुढे सरकवायचे, हा सारा खेळ अभिनयाचा. तीन गुलाम असतील तर त्यांतल्या दोघांची जोडी लागून जाते आणि कोणता चोर उरणार हे बराच वेळ कुणालाच कळत नाही. तो खेळ नशिबाचा. लहानग्याला चेहरा लपवता येत नसेल, तर त्याच्यासाठी तीन गुलामांचा डाव मांडावा. तो हरेल, पण ‘पकडला गेलो’ असे त्याला वाटणार नाही.

सावकार केव्हा व्हायचे?

अगदी पाच-सहा वर्षांच्या मुलाला पहिला डाव शिकवतात तो भिकार-सावकार. यात विचार करायचाच नसतो, पाने टाकत राहायचे. दोघांत कॅट अर्धा अर्धा वाटायचा आणि पालथ्या गठ्ठ्यातले वरचे पान न बघता टाकायचे. पण ढीग कोणाचा? एका पद्धतीत एकावर एक पाने पडत राहतात आणि आधीच्या पानाच्याच अंकाचे पान ज्याचे पडेल, तो ढीग उचलतो. दुसऱ्या पद्धतीत दोघे एकेक पान उघडतात आणि ज्याचे मोठे, तो दोन्ही पाने घेतो. पहिलीत पंजीवर पंजी पडली की आनंदाची आरोळी. दुसरीत एक्का म्हणजे खरी श्रीमंती. एक मूल पहिली पद्धत शिकून आले आणि दुसरे दुसरी, तर पहिल्याच एक्क्याला डाव मोडतो.

इंग्रजांच्या ‘बेगर माय नेबर’ या खेळाचे नावही भिकाऱ्याचेच, म्हणून तो हाच खेळ असे पुष्कळांना वाटते. पण त्यात चित्रे आणि एक्के म्हणजे वसुलीचे हुकूमनामे असतात. एक्का पडला की समोरच्याने चार पाने भरायची, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. भरताना मध्येच चित्र किंवा एक्का निघाला तर वसुली उलटी फिरते. नाही निघाला तर ढीग वसूल करणाऱ्याचा. ‘हा डाव संपणार तरी कधी?’ असे मुले विचारतात ना? गणितज्ञांनाही तोच प्रश्न कित्येक वर्षे सतावत होता. या खेळात पाने अशी वाटली जाऊ शकतात का, की डाव कधीच संपणार नाही? ‘हो, जाऊ शकतात’ हे २०२४ साली प्रत्यक्ष तशी वाटणी शोधून दाखवण्यात आले. तेव्हा जेवायला हाक मारल्यावर मुलांनी ‘डाव संपला की येतो’ म्हटले, तर आईने जरा सावध राहावे!

चार्ल्स डिकन्सच्या १८६१ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीत पिप नावाचा गरीब मुलगा श्रीमंत घरातल्या एस्टेलाबरोबर हाच खेळ खेळतो. गुलामाच्या पानाला तो आपल्या घरच्यासारखा ‘जॅक’ म्हणतो, तर त्या मोठ्या घरात त्याला ‘नेव्ह’ म्हणत असतात. एस्टेला त्यावरून त्याची टर उडवते आणि तो अपमान त्या मुलाच्या मनातून जात नाही. पान तेच, डाव तोच. नुसत्या नावाने एक पोर परके ठरले. आजोळच्या ओट्यावर डोळे पुसत बसलेला मावसभाऊ याहून वेगळा नाही.

मागायचे, सरकवायचे, अडवायचे

एकाच अंकाची चार पाने जमवण्याचे डावही असेच गोंधळात टाकतात. ‘नॉट ॲट होम’मध्ये नाव घेऊन पान मागायचे असते. ‘तुझ्याकडे चौकटची नव्वी आहे का?’ असली तर द्यावी लागते, नसली तर ‘नॉट ॲट होम’ आणि डाव पुढे. ‘डाँकी’मध्ये मात्र काही बोलायचे नाही. सगळ्यांनी एकाच वेळी एकेक पान शेजाऱ्याकडे सरकवायचे, चार जुळली की गुपचूप हात खाली टेकवायचा आणि ज्याचा हात सर्वांत शेवटी टेकेल तो गाढवाच्या नावाचे एक अक्षर कमावणार. पहिल्यात स्मरणशक्ती लागते, दुसऱ्यात चपळाई. वसतिगृहातून आलेली मोठी मुले ‘लिटरेचर’ खेळतात. मागणे त्यातही आहे. पण तो दोन तुकड्यांत खेळायचा डाव. बहुधा चार अठ्ठ्या काढून अठ्ठेचाळीस पाने घेतात आणि चार सारख्या पानांऐवजी एका रंगाची सहा पाने जमवतात.

बदाम सात तर सर्वांना येतो. बदामाची सत्ती ठेवायची आणि तिच्या एका बाजूला छक्की, पंजी असे खाली आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठी, नव्वी असे वर जायचे. बाकीच्या रंगांच्या सत्त्याही मांडायच्या. ज्याची पाने आधी संपली तो जिंकला. इथे वाद एकाच गोष्टीवरून. हातात लागणारे पान असताना ‘पास’ म्हणता येते का? काही घरांत पान असले की लावलेच पाहिजे. काही घरांत किलवरची सत्ती दाबून ठेवून दुसऱ्यांना अडवणे हीच हुशारी. अडवणाऱ्याला पहिल्या घरात ‘दुष्ट’ म्हणतात आणि दुसऱ्या घरात ‘हुशार’. पोर तेच!

आधी विचारा, मग वाटा

खेळापूर्वी नियम ठरवणे ही काही आजची गोष्ट नाही. बावन्न पानांचा कॅट युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे येण्याच्या आधी इथे गंजिफा खेळला जात असे. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीच्या हाताने रंगवलेल्या, लाखेचे रोगण दिलेल्या गोल गंजिफ्यांची ख्याती तर सर्वदूर आहे. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा, अशी एकशेवीस पाने. त्या खेळात पहिली उतारी कोणाची हे ठरवण्याआधी सूर्याकडे पाहावे लागते. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, रात्री कृष्णाचा ज्याच्याकडे असेल त्याची. म्हणजे ‘आधी विचारा, मग खेळा’ ही रीत आपल्या पत्त्यांत मुरलेलीच आहे. मध्यंतरी आपण ती विसरलो, कारण पिढ्यानपिढ्या एकाच वाड्यात, एकाच गावात खेळताना विचारायची गरजच पडत नव्हती. आता सुटीला एक भावंड बंगळूरहून येते, एक बडोद्याहून, एक इंदूरहून. प्रत्येकाच्या दप्तरात वेगळा झब्बू असतो.

तेव्हा कोणताही डाव मांडण्याआधी मुलांना पुढचे पाच प्रश्न विचारायची सवय लावा.

१. शेवटी काय मोजायचे? हात, दश्श्या, जमवलेले संच, की हातात उरलेले पान?

२. रंगाला रंग द्यावाच लागतो का? नसल्यास काय करायचे?

३. हुकूम आहे का? असल्यास तो कोण आणि केव्हा ठरवणार?

४. पडलेली पाने कुठे जातात? जिंकणाऱ्याकडे, मधल्या ढिगात, हरणाऱ्याच्या हातात, की खेळाबाहेर?

५. पान असताना दाबून ठेवता येते का?

या पाच उत्तरांत डावाची सारी कुंडली येते. उत्तरे जुळली नाहीत तर दोन डाव वेगळे आहेत, मग नाव एक असले तरी. अशा वेळी सोपा तोडगा म्हणजे एक डाव तुमच्या नियमांनी, एक आमच्या. पाहुण्याच्या नियमांनी पहिला, म्हणजे त्यालाही घरचे वाटते. आणि मध्येच नवा प्रश्न उभा राहिला तर चालू डाव आहे तसा संपवायचा. नियम बदलायचा तो पुढच्या पिसणीला.

आणखी एक काम मोठ्यांनी करण्यासारखे आहे. घरातली आजी, आत्या, काका जे डाव जाणतात ते त्यांच्याच तोंडून ऐकून मुलांकडून एका वहीत लिहून घ्यावेत. कोणती पाने काढायची, उतारी कोणाची, कोट केव्हा, पाने ओढायची ती कशी, सगळे. वर त्या व्यक्तीचे आणि गावाचे नाव घालावे. कारण आजीच्या माहेरचा गुलामचोर हा फक्त आजीलाच ठाऊक असतो. तो कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि मोबाइलवरच्या पत्त्यांत नियम आधीच ठरलेले असतात. तिथे ‘आमच्याकडे असं नाही खेळत’ म्हणायलाही कुणी नसते.

त्या माजघरातल्या भांडणाचे पुढे काय होते? बहुतेक घरांत होते तेच. चारच्या चहाला आजी उठते, ओट्यावरच्या पाहुण्याला जवळ बोलावते आणि विचारते, ‘तुमच्याकडं कसं खेळतात रे? मला शिकव बघू.’ तो आधी आढेवेढे घेतो, मग सांगू लागतो. दोन हात लागोपाठ, मग ढीग. ताई कान देऊन ऐकते, उधळलेली पाने गोळा करते, बावन्न मोजून घेते. चिवड्याची बशी मध्ये येते. आणि संध्याकाळी दिवे लागेपर्यंत त्याच सतरंजीवरून आरडाओरडा ऐकू येत राहतो. या वेळी मात्र इंदूरच्या नियमांनी ढीग उचलून चारही दहले खिशात घातलेले असतात ते पुण्याच्या ताईने!